न्यूयॉर्कमध्ये लाकडी जमिनीचं घर भाड्यानं घेताना काय पाहावं, काय लिहून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून न्यूयॉर्कला येणारं एक कुटुंब: नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि वर्षातले काही महिने सोबत राहणाऱ्या सासूबाई. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये, 1920च्या दशकातल्या सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांना पसंत पडला आहे. घरभर ओकची लाकडी जमीन. करारात 80 टक्के जमीन गालिच्यांनी झाकायची अट आहे आणि ‘जमिनीला ओरखडे पडल्यास संपूर्ण पॉलिशचा खर्च डिपॉझिटमधून’ असंही एक वाक्य आहे. घर घ्यावं का, आणि घेतलं तर सासूबाईंच्या रोज फरशी पुसण्याच्या सवयीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

घर घ्या. जॅक्सन हाइट्समधल्या त्या काळच्या इमारती चांगल्या बांधलेल्या आहेत. 74व्या रस्त्यावर आपल्या वाणसामानाची दुकानं आहेत, 7 नंबरची ट्रेन जवळ आहे आणि जुन्या ओकची जमीन नव्या टॉवरमध्ये पैसे मोजूनही मिळत नाही. मात्र सही करण्याआधी त्या ओरखड्यांच्या वाक्याचा बंदोबस्त करा. मी इथे भाड्याच्या इमारतींचं व्यवस्थापन बघते. घर रिकामं झालं की आत जाऊन जमीन तपासणं, दुरुस्ती ठरवणं आणि डिपॉझिटमधून काही कापायचं की नाही हे बघणं, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. मालकाच्या बाजूनं काम करूनही सांगते, लाकडी जमिनीवरून वाद होतो तो घर सोडताना, पण कोणाचं खरं ठरणार हे घरात सामान येण्याआधीच पक्कं झालेलं असतं. त्या दिवशीची जमीन कशी होती याचा कागद ज्याच्याकडे आहे, त्याचं खरं ठरतं.

तर आधी जमीन बघायला शिका. सकाळच्या उजेडात जा. खोली रिकामी असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून फोन जमिनीवर आडवा ठेवा, म्हणजे उजेड जमिनीला घासून जाईल. वरून गुळगुळीत दिसणारी जमीन त्या आडव्या उजेडात सगळं सांगते. खुर्च्या मागेपुढे झालेल्या जागी गोलाकार रेघा दिसतात, पलंग ओढल्याच्या दोन समांतर खुणा दिसतात, आणि पॉलिश करताना सँडिंगचं, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र क्षणभर एका जागी थांबलं असेल तर तिथे खोलगट लाट दिसते. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा वरच्या थरातच आहे, लाकडाला लागलेला नाही. नख अडकलं तर लाकूड कापलं गेलं आहे. हा फरक पुढे पैशांच्या हिशेबात महत्त्वाचा ठरतो, म्हणून दोन्ही प्रकारच्या खुणांचे फोटो शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून घ्या.

मग रेडिएटरपाशी गुडघ्यावर बसा. जुन्या इमारतींत खोली गरम ठेवणारे वाफेचे लोखंडी रेडिएटर असतात आणि त्यांची झडप वर्षानुवर्षं थोडी थोडी गळते. ओकमध्ये टॅनिन असतं. त्यात पाणी आणि लोखंड मिळालं की लाकूड शाईसारखं काळं पडतं. रेडिएटरच्या पायाभोवती असं काळं कडं दिसलं, तर ते लाकडाच्या आत उतरलेलं असतं आणि नुसत्या पॉलिशनं जात नाही. पांढुरका डाग असेल, तर ओल फक्त वरच्या थरात अडकली आहे, ती गोष्ट किरकोळ. हीच तपासणी खिडक्यांखाली, एसीच्या खाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि बाथरूमच्या दाराबाहेर करा. बाथरूमच्या दाराबाहेर पाय दाबून उभ्या राहा. जमीन दबली, स्पंजासारखी वाटली, तर खाली गळती चालू आहे किंवा होऊन गेली आहे. ते घर दुरुस्ती होईपर्यंत घेऊ नका. कुरकुरणाऱ्या फळ्यांचं मात्र मनावर घेऊ नका, शंभर वर्षांची जमीन कुरकुरतेच. चेंडू ठेवल्यावर तो एका कोपऱ्याकडे घरंगळत गेला, तरी बहुतेक वेळा तेवढ्यानं घाबरायचं कारण नसतं.

पॉलिश शिल्लक आहे का, हे पाण्याच्या चार थेंबांनी कळतं. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात एक थेंब आणि दारातल्या वहिवाटीच्या जागी एक थेंब टाका, पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. पसरला आणि खालचं लाकूड गडद झालं, तर थर संपला आहे. मग मालकाला स्पष्ट सांगा की आम्ही राहायला येण्याआधी पॉलिश करून द्या. रिकाम्या घरात हे काम दोन-चार दिवसांत होतं, सामान आल्यावर कोणी करत नाही. खर्चाचा अंदाज असावा म्हणून सांगते, सँडिंगसह पॉलिशला प्रति चौरस फूट साधारण 3 ते 8 डॉलर पडतात. इथल्या नियमानुसार तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत मालकाला दर तीन वर्षांनी भिंती रंगवून द्याव्या लागतात, पण जमिनीच्या पॉलिशला असा कुठलाही ठरलेला कालावधी नाही. म्हणूनच हे काम सहीआधी मागून घ्यावं लागतं.

जमीन खरंच लाकडाची आहे ना, हेही पाहून घ्या, कारण जाहिरातीत सगळ्यालाच ‘हार्डवूड’ लिहितात. 1920च्या इमारतीत ती बहुतेक खरीच असते: अरुंद ओकच्या पट्ट्या, कधी हेरिंगबोन नक्षी, भिंतीलगत गडद लाकडाची किनार. कित्येक जुन्या फ्लॅटमध्ये या पट्ट्या जेमतेम 5/16 इंच जाड असतात आणि वरून खिळे ठोकून बसवलेल्या असतात. बारकाईनं पाहिलंत तर पट्टीच्या कडेला लांबीनं पुट्टी भरलेले बारीक ठिपके दिसतील. अशी जमीन फार वेळा घासता येत नाही. ¾ इंच जाडीची, एकमेकींत खाच-जीभ बसवलेली पट्टी असेल तर ती पुष्कळ वेळा घासता येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इमारतींत काँक्रीटवर चिकटवलेले पार्केचे, म्हणजे छोट्या लाकडी पट्ट्या जुळवून केलेले चौकोन दिसतात. लाँग आयलंड सिटी किंवा जर्सी सिटीच्या नव्या टॉवरमध्ये वर लाकडाचा पातळ थर असलेल्या फळ्या असतात, नाहीतर सरळ व्हायनिल, म्हणजे लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक. व्हायनिल ओळखायला सोपं: थोडं अंतर चालून गेलात की तीच गाठ, तोच रेषांचा आकार पुन्हा पायाखाली येतो. ते वाईट नाही, पाण्याला उलट जास्त टिकतं, पण खऱ्या ओकचं म्हणून भाडं घेत असतील तर ते कळायला हवं.

आता कागदपत्रं. न्यूयॉर्क राज्यानं 2019च्या जूनमध्ये भाडेकरूंच्या संरक्षणाचा मोठा कायदा केला. तुमच्या कामाच्या गोष्टी त्यात बऱ्याच आहेत. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ‘आगाऊ’ म्हणून आणखी एक महिना मागितला तर तोही याच मर्यादेत मोडतो. अर्जासाठी पार्श्वभूमी आणि क्रेडिट तपासणीचे 20 डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. करारावर सही झाल्यानंतर आणि तुम्ही राहायला जाण्याआधी, मालकानं तुम्हाला सोबत घेऊन घराची पाहणी करायची संधी द्यायची असते. तुम्ही ती मागितलीत, तर घराची स्थिती आणि आधीपासूनचे दोष लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करावा लागतो. ही पाहणी फारच थोडे भाडेकरू मागतात. तुम्ही नक्की मागा, तीही ईमेलनं. वर सांगितलेलं सगळं, रेडिएटरखालचं काळं कडं, दारातली झिजलेली जागा, फळीतली चीर, त्या कागदावर खोलीवार लिहून घ्या आणि फोटो त्याच दिवशी ईमेलनं पाठवून ठेवा. मालकाच्या माणसानं ‘हे सगळं आम्हाला माहीतच आहे, लिहायची गरज नाही’ असं म्हटलं तरी लिहा. तुम्ही घर सोडाल तेव्हा तो माणूस तिथे नोकरीला असेलच असं नाही.

करारातलं ते ओरखड्यांचं वाक्य जसंच्या तसं स्वीकारू नका. नेहमीच्या वापरानं होणारी झीज डिपॉझिटमधून कापता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. ओकवर राहणाऱ्या माणसांच्या घरात वरवरचे ओरखडे पडणं, खिडकीपाशी उन्हानं रंग बदलणं, गालिच्याखालचा भाग आणि उघडा भाग यांच्या छटेत फरक पडणं ही सगळी झीज आहे. खिळ्यासारखी खोल चर, पाळीव जनावराच्या लघवीचे काळे डाग, कुंडीखाली कुजलेलं लाकूड हे नुकसान. तुमच्या ब्रोकरला सांगून त्या वाक्याच्या जागी ‘नेहमीच्या वापरातील झीज वगळून, भाडेकरूमुळे झालेल्या नुकसानीपुरताच दुरुस्तीचा खर्च’ अशा अर्थाचे शब्द घालून घ्या. बऱ्याच व्यवस्थापकांना यात काही अडचण नसते, कारण जुनं वाक्य तसंही न्यायालयात टिकणं कठीण. आणि हेही लक्षात असू द्या की वहिवाटीच्या घरात पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पॉलिशचा थर साधारण सात ते दहा वर्षं चालतो. नऊ वर्षांपूर्वीचं पॉलिश असेल, तर ते नव्यानं करायचा पूर्ण खर्च शेवटच्या भाडेकरूच्या माथी मारणं न्याय्य नाही. म्हणून ‘शेवटचं पॉलिश कधी झालं?’ हा प्रश्न आत्ताच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दोन गोष्टी जाता जाता. मालकानं नेमलेल्या ब्रोकरची दलाली 11 जून 2025 पासून न्यूयॉर्क शहरात भाडेकरूनं द्यायची नसते, ज्यानं ब्रोकर नेमला त्यानंच ती द्यायची. आणि वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या 40 पट असावं असा इथला रिवाज आहे. 3,000 डॉलर भाडं असेल तर 1,20,000 डॉलर. तेवढं नसेल तर जामीनदार मागतात आणि त्याच्याकडून 80 पटींची अपेक्षा करतात. शिवाय इमारत 1974च्या आधीची आणि सहा किंवा जास्त घरांची असल्यानं तुमचं घर भाडेनियंत्रित, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेलं, असण्याची शक्यता आहे. करार तुमच्या नावावर झाला की राज्याच्या होम्स अँड कम्युनिटी रिन्युअल खात्याकडून त्या घराचा भाड्याचा इतिहास मागवा, त्याला पैसे लागत नाहीत.

तुम्ही विचारलं नाही, पण मुलगी चार वर्षांची आहे म्हणून सांगणं भाग आहे. 1960च्या आधीच्या इमारतींत शिशाचा रंग असू शकतो, आणि सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर न्यूयॉर्क शहराच्या 2004च्या स्थानिक कायदा 1 प्रमाणे मालकावर कडक जबाबदाऱ्या येतात. घर एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना शिशाचे धोके दूर करणं, दारं-खिडक्यांच्या घासणाऱ्या कडा ठीक करणं आणि उघडी जमीन गुळगुळीत व पुसता येण्याजोगी करून देणं त्याला बंधनकारक आहे. म्हणजे कुसळं निघणारी, भेगाळलेली जमीन ‘जशी आहे तशी’ म्हणून तुमच्या गळ्यात घालता येत नाही. मूल आहे ही गोष्ट लपवू नका, करारासोबत येणाऱ्या फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा. खिडक्यांच्या जाळ्यांचा फॉर्मही भरा, दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर त्या बसवून द्याव्याच लागतात. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळा: पॉलिशसाठी सँडिंग होणार असेल, तर ते संपून, धूळ नीट साफ होऊन, वास जाईपर्यंत मुलीला त्या घरात नेऊ नका. जुन्या वार्निशमध्येही शिसं असू शकतं आणि त्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही. काम करणारे लोक शिशाच्या सुरक्षित कामाचं प्रशिक्षण घेतलेले आहेत का, हे विचारायला मुळीच संकोच करू नका. शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या इमारतीवर नोंदलेले नियमभंग दिसतात. शिसं, गळती, गरम पाणी, हीटिंग यांच्या नोंदी पाहूनच सहीला बसा.

80 टक्क्यांची अट हा शहराचा कायदा नाही, करारातली अट आहे. ती जवळपास सगळ्या जुन्या इमारतींत असते आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली की तिची आठवण काढली जाते. लाकडी तुळयांवरच्या जमिनीतून पावलांचा आवाज किती खाली जातो, याची काँक्रीटच्या स्लॅबवर वाढलेल्या आपल्या माणसांना कल्पना नसते. चार वर्षांची मुलगी सकाळी साडेसहाला हॉलमधून धावली, तर खाली झोपलेल्या माणसाला वर कोणी पेटी आपटतंय असं वाटतं. स्वयंपाकघर, बाथरूम आणि कपाटं या हिशेबातून सहसा वगळलेली असतात, पण तुमच्या करारातले शब्द वाचा. हिशेब कसा बसतो बघा: 12 बाय 15 फुटांची खोली म्हणजे 180 चौरस फूट. 9 बाय 12चा गालिचा 108 चौरस फूट झाकतो, म्हणजे 60 टक्केच. त्याच्या कडेला 3 बाय 12ची लांब पट्टी टाकली की 144, बरोबर 80 टक्के. एकदम सगळं विकत घेऊ नका. आधी मुलीची खेळायची जागा, पलंगाभोवतीची जागा आणि येण्याजाण्याचा पट्टा एवढं झाका.

गालिच्यापेक्षा त्याच्याखालच्या पॅडवर खर्च करा. आवाज तोच खातो. दाबलेल्या लोकरीचा म्हणजे फेल्टचा आणि खाली नैसर्गिक रबराचा पॅड घ्या. स्वस्तातले पीव्हीसीचे जाळीदार पॅड घेऊ नका. त्यांतली रसायनं पॉलिशशी चिकटतात आणि वर्षभरानं गालिचा उचलला की जमिनीवर पिवळी जाळी उमटलेली असते, ती पुसून जात नाही. तुम्ही पुण्याहून सतरंज्या आणणार असाल तर जरूर आणा, पण खाली पॅड हवाच, नाहीतर त्या घसरतात आणि सासूबाईंचा पाय सटकेल. पॉलिश नवीन केलं असेल तर गालिचे लगेच अंथरू नका. तेलाधारित पॉलीयुरेथेन पूर्ण घट्ट व्हायला महिनाभर लागतो. तोवर झाकलं तर खालचा थर मऊच राहतो.

आता तुमचा खरा प्रश्न, सासूबाईंचा. हा प्रश्न मला मराठी घरांतून वारंवार विचारला जातो आणि तो छोटा नाही, कारण फरशी पुसणं ही आपल्याकडे नुसती सफाई नाही. सकाळी केर काढून, बादलीत पाणी घेऊन घरभर ओलं फडकं फिरलं की मगच घर स्वच्छ झालं असं वाटतं. शहाबादी फरशीला किंवा टाइल्सना त्यानं काहीही होत नाही, वरून पंखा लावला की दहा मिनिटांत सगळं कोरडं. ओकच्या जमिनीत मात्र फळी-फळीमध्ये सांधा आहे आणि तिथे पॉलिशचा थर नसतोच किंवा तुटलेला असतो. फडक्यातलं पाणी तिथे उतरतं, फळी खालच्या अंगाला फुगते आणि तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. हे एका दिवसात दिसत नाही. काही महिन्यांनी अनवाणी चालताना तळव्याला बारीक लाटा लागायला लागतात. जमिनीवरून आडवा हात फिरवला की कड, खळगा, कड, खळगा असं जाणवतं. तोवर सांध्यांतली काळपट रेघही गडद झालेली असते. अशी जमीन लगेच घासूनही चालत नाही, आधी ती पूर्ण वाळावी लागते, नाहीतर घासलेल्या कडा पुढे खाली बसतात.

म्हणून सासूबाईंना ‘पुसू नका’ असं सांगू नका. ते त्यांच्या मनाला पटणार नाही आणि त्यांना परक्या घरी आल्यासारखं वाटेल. पुसण्याची पद्धत बदलून द्या. रोज फुलझाडूनं केर काढावा. मऊ फुलझाडू या जमिनीसाठी उत्तम, भारतातून एखादा आणलात तरी चालेल. मग कोरडं मायक्रोफायबरचं फडकं लांब दांड्याच्या मॉपला लावून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फिरवावं. त्या फडक्यावर चढलेली धूळ दिसते आणि घर पुसल्याचं समाधानही मिळतं. आठवड्यातून एकदा दमट फडकं. दमट म्हणजे किती, तर पिळल्यावर त्यातून एकही थेंब पडता कामा नये आणि पुसलेली जागा एका मिनिटात आपोआप कोरडी व्हायला हवी. बादली या घरात बाथरूमच्या बाहेर येऊ देऊ नका. फिनाइल नको, व्हिनेगर नको, लिंबू नको, तेलकट चकाकीची द्रव्यं नकोत. लाकडी जमिनीसाठीचा तटस्थ, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा क्लीनर मिळतो, तो फडक्यावर फवारून वापरा, जमिनीवर ओतू नका. वाफेचा मॉप तर अजिबात नको, वाफ सांध्यांत पाण्यापेक्षाही लवकर शिरते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये बहुतेक टाइल्स असतील, तिथे त्यांना मनसोक्त ओलं पुसू द्या.

चपला बाहेर काढायची आपली सवय इथे फार उपयोगी पडते. जमिनीचं सर्वात जास्त नुकसान बुटांच्या तळाला चिकटून येणाऱ्या वाळूच्या कणांनी होतं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते बुटांबरोबर घरात येतं आणि पांढरे ओघळ उठतात. इमारतीच्या सामायिक जिन्यात किंवा पॅसेजमध्ये चपलांचं रॅक ठेवता येत नाही, आग लागल्यास वाट मोकळी हवी म्हणून. तेव्हा दाराच्या आतच उंच काठाचा ट्रे ठेवा.

देवघराचं सामान जपून मांडा. समई आणि निरांजन धातूच्या ताटात, ताटाखाली कॉर्कची चटई. तेलाचा थेंब पडला तर लगेच कोरड्या कापडानं टिपा. हळद पॉलिशवर सांडली तर सहसा पुसली जाते, पण झिजलेल्या जागी ती लाकडात उतरते. कुंकवाचंही तसंच. रांगोळी जमिनीवर काढू नका, प्लायच्या पातळ पाटावर काढा. तो दिवाळीत दाराच्या आत ठेवता येतो आणि रांगोळी जास्त दिवस टिकतेही. लाकडी पाट आणि चौरंगाच्या पायांना फेल्टचे गोल तुकडे चिकटवा, खुर्च्यांना तर चिकटवाच, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण घासलेल्या फेल्टमध्ये वाळू अडकून तोच सँडपेपरचं काम करू लागतो. चाकांच्या ऑफिस-खुर्चीखाली कडक चटई हवी. ओक सागवानापेक्षा कठीण आहे. लाकडाची कठीणता मोजायच्या जांका मापावर रेड ओक 1290 आणि सागवान 1100च्या आसपास येतो. पण टाचेचा दाब आणि प्लास्टिकची चाकं त्यालाही पोचे पाडतात.

तुळशीच्या कुंडीबद्दल वेगळं सांगते, कारण घर रिकामं झाल्यावर आपल्या लोकांच्या घरात मला हमखास दिसणारा डाग तिचाच असतो. खिडकीपाशी, दक्षिणेच्या उन्हात, मातीची कुंडी आणि खाली मातीचीच बशी. बशीतून ओल झिरपते, वरून काहीच दिसत नाही आणि कुंडी हलवली की खाली काळं वर्तुळ. तुळस ठेवाच, पण काचेच्या किंवा चिनीमातीच्या झिलईच्या ताटलीत, आणि ती पायांच्या स्टँडवर, म्हणजे खालून हवा खेळेल.

खलबत्ता जमिनीवर नको. ओट्यावर, दुमडलेल्या टॉवेलवर घ्या, आणि रात्री दहानंतर मुळीच नको. मिक्सरखालीही रबराचा तुकडा ठेवा. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात खालच्या घरी जाऊन ओळख करून घ्या, घरात लहान मूल आहे आणि गालिचे येताहेत हे सांगा. तक्रारी व्यवस्थापकाकडे येण्याआधीच मिटतात त्या अशाच.

पहिल्या हिवाळ्यात जमिनीत फटी पडलेल्या दिसतील. घाबरू नका. 1 ऑक्टोबर ते 31 मे हा इथला हीटिंगचा काळ. बाहेर 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान 68 अंश आणि रात्री बाहेर काहीही असलं तरी किमान 62 अंश ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. वाफेच्या रेडिएटरनं हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि डाइम, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याच्या जाडीइतकी फट पडते. मे-जूनमध्ये हवा दमट झाली की ती मिटते. फटींत पुट्टी भरू नका, उन्हाळ्यात फळी फुगली की ती पुट्टी तरी बाहेर पडते नाहीतर शेजारची फळी दबते. घरातली आर्द्रता 30 ते 50 टक्के राहिली तर लाकूड आणि मुलीचं नाक दोन्ही ठीक राहतात. एक छोटा ह्युमिडिफायर ठेवा, मात्र थेट जमिनीवर नको. रेडिएटर गळताना दिसला तर खाली डबा ठेवून गप्प बसू नका. त्याच दिवशी फोटोसह व्यवस्थापकाला लिहा आणि सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसालाही सांगा. दाद मिळाली नाही तर 311 या शहराच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. लेखी कळवलेल्या गळतीचा डाग तुमच्या नावावर लागत नाही, न कळवलेल्या गळतीचा लागू शकतो. भाडेकरूचा विमाही घ्या, महिन्याला साधारण 15 ते 25 डॉलर. तुमचा नळ उघडा राहून खालच्या घराचं छत भिजलं, तर त्याच्या दायित्वाचा भाग त्यात असायला हवा, तो पॉलिसीत तपासून घ्या.

घर सोडायची वेळ येईल तेव्हा पुन्हा पाहणी मागा. कायद्यानं मालकानंच तुम्हाला या हक्काची लेखी कल्पना द्यायची असते. ती पाहणी मुदत संपण्याच्या दोन आठवडे ते एक आठवडा आधी होते, 48 तास आधी लेखी वेळ कळवावी लागते आणि तुम्ही तिथे हजर राहू शकता. त्यानंतर काय काय कापणार याची तपशीलवार यादी तुम्हाला मिळते आणि घर सोडण्याआधी त्या गोष्टी दुरुस्त करून द्यायची संधीही. इथे सुरुवातीचा सह्यांचा कागद आणि ईमेलमधले फोटो घेऊन उभ्या राहा. एखादा वरवरचा ओरखडा रंगाच्या पेनानं बुजवण्याच्या भानगडीत पडू नका. छटा जुळली नाही की नुसती झीज होती तीही नुकसान म्हणून मोजली जाते. खोल पोचा तुमच्यामुळे पडला असेल तर तो मान्य करा आणि तेवढ्याच फळीचा खर्च विचारा. ओकच्या जमिनीत दोन-तीन फळ्या बदलता येतात, संपूर्ण खोली घासावी लागतेच असं नाही.

घर सोडल्यापासून 14 दिवसांत उरलेलं डिपॉझिट आणि कापलेल्या रकमेचा तपशील तुमच्याकडे पोहोचला पाहिजे. ही मुदत चुकली तर मालकाचा काहीही कापायचा हक्क जातो, आणि कपात योग्य होती हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच असते. त्यानं मुद्दाम नियम मोडले असं ठरलं, तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंडाची भरपाई मिळू शकते. न्यूयॉर्कच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात 10,000 डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे डिपॉझिटची तक्रारही करता येते. नदीपलीकडे न्यू जर्सीत गेलात तर आकडे बदलतात: डिपॉझिट दीड महिन्यापर्यंत आणि परतीची मुदत 30 दिवस. कुठेही असलात तरी किल्ल्या देताना नवीन पत्ता लेखी द्या, किल्ल्या मिळाल्याची पोच घ्या, आणि रिकाम्या खोल्यांचे शेवटचे फोटो त्याच आडव्या उजेडात काढून त्याच दिवशी ईमेलनं पाठवा.